एकाच दिव्याखाली दोन सरडे

तुम्ही परवा व्हिडिओवर विचारलंत, की मामाकडच्या दोन सरड्यांना दोन वेगळ्या खोल्या कशाला, आणि त्यातल्या एकाला तीनच पाय का. तुमची मामेबहीण शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता ती शाळेत आहे, मामा-मामी कामावर गेलेत. तेव्हा सुरुवातीपासून नीट लिहिते. आईकडून वाचून घ्या. रक्ताची गोष्ट आहे, जेवताना वाचू नका.

हे सरडे मूळचे तुमच्याच ऑस्ट्रेलियातले. गळ्याखाली काट्यांची दाढी असते, म्हणून त्यांना दाढीवाले सरडे म्हणतात. वीतभर धड आणि तेवढीच शेपटी. तुमच्या बहिणीकडे आधी एकच होता. आम्ही त्याला थोरला म्हणतो. त्याचं खरं नाव निराळं आहे, पण ते तिने तिच्या मैत्रिणींपुरतं ठेवलंय. डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या या घरात पुढच्या खोलीत त्याची काचेची पेटी होती. पेटीच्या एका टोकाला वर तापणारा दिवा आणि खाली सपाट दगड. दुसरं टोक थंड. शिवाय वरून एक लांब नळीचा दिवा, कारण नुसती ऊब पुरत नाही, हाडांसाठी उन्हातला तो न दिसणारा भागही लागतो, आणि आयर्लंडमध्ये ऊन कुठून आणायचं? खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यांच्या कामाचं नसतं, हे मला तुमच्या बहिणीने शिकवलं. मी त्याला कोवळ्या उन्हात खिडकीत ठेवायला निघाले होते.

सरड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळी दिवा लागला, की थोरला दगडावर चढायचा, अंग भाकरीसारखं चपटं करायचा, पाठ काळपट व्हायची. पुरेसा तापला की तोंड वासून बसायचा. मामीला पहिल्यांदा वाटलं, त्याला धाप लागली. ती ड्रॉपरने तोंडात पाणी सोडायला गेली, तर मुलीने तिचा हात झटकला.

"मम, स्टॉप! तो ग्रँड आहे, काही झालं नाहीये त्याला. जास्तीची गरमी बाहेर सोडतोय."

मग तो उतरून थंड टोकाला जायचा, पुन्हा यायचा. दिवसभर हीच ये-जा. त्या उबेशिवाय पोटातलं अन्नसुद्धा पचत नाही, आतच कुजतं.

अन्न म्हणजे टोळ. जिवंत. आपल्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात, आणि इथे फ्रिजशेजारच्या प्रेसमध्ये, कपाटाला इथे प्रेस म्हणतात, पोहे आणि साबुदाण्याच्या खाली टोळांचा डबा. डब्यावर कान ठेवला तर आत पाय घासल्याचा आवाज येतो. चिमट्याने एकेक सोडायचा. थोरला मान वाकडी करून बघायचा आणि मग एकदम झेप. डोकं आधी चिरडायचा. पाय तोंडाबाहेर लाथा झाडत राहायचे. त्याचा कटकट आवाज माझ्या खुर्चीपर्यंत यायचा. पहिल्या आठवड्यात मी उठून जायचे. नंतर बसून राहायला लागले. माणसाला सवय होते.

दुसरा आला तो कॉर्कहून. इथे आपल्या लोकांत एक रीत पडली आहे. एखादं कुटुंब कायमचं भारतात परत निघालं, की त्यांचं घर बाकीची घरं वाटून घेतात. इडलीपात्र एकाकडे, तुळशीची कुंडी एकाकडे, मिक्सर, गाद्या, बाप्पाचं मखर. नाही म्हणायचं नसतं. आज ते चाललेत, उद्या आपण जाऊ. कॉर्कचं ते नागपूरकर जोडपं परत निघालं, तेव्हा आमच्या वाट्याला एक पुरणयंत्र, दोन चटया आणि टॉवेलात गुंडाळलेला सरडा आला. विमानात नेता येत नाही ना.

"तुमच्याकडे एक आहेच," त्या घरातली सून म्हणाली, आणि रडायला लागली. तिच्या सासूबाई भेटीला आल्या होत्या. त्यांनी टॉवेल उघडून बघितलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "एकट्याचा जीव रमत नाही बापा. दोघं भाऊ-भाऊ राहतीन."

मामीला ते फार पटलं. तिला स्वतःला इथली पहिली वर्षं एकटीने काढावी लागली होती. "आई, त्यालाही सोबत होईल," असं म्हणून तिने धाकट्याला थोरल्याच्या पेटीत सोडलं. धाकटा अंगाने निम्मा. तुमची बहीण म्हणाली, की पुस्तकात वेगळं ठेवायला सांगतात. मामा हसला. "पुस्तकं गोऱ्यांची असतात गं. ते पोरांनासुद्धा वेगळ्या खोलीत झोपवतात."

सगळे हसलो. मीही हसले.

पहिल्या दिवशी थोरल्याची दाढी कोळशासारखी काळी झाली आणि तो मुंडी हलवत राहिला, जोरजोरात, एखादा माणूस भांडायला आल्यासारखा. धाकट्याने पुढचा एक पाय उचलला आणि हळूहळू गोल फिरवला.

"अगं बघ, टाटा करतोय!" मामी ओरडली.

तेव्हापासून तो खेळच झाला. कोणीही आलं, की टाटा दाखवायचं. काही दिवसांनी थोरला धाकट्याच्या अंगावर चढून दिव्याखाली पसरायला लागला, वर एक, खाली एक. मामीने फोटो काढून आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. लाल बदाम किती आले, विचारू नका. 'भाऊ असावेत तर असे.' 'दृष्ट काढा गं.' तुमच्या आईनेही एक बदाम टाकला होता.

फक्त तुमच्यापैकी धाकटीने फोनवर म्हटलं होतं, की तुमच्याकडे गावाबाहेर ते कुंपणाच्या खांबांवर बसलेले असतात आणि एका खांबावर एकच असतो. मामी म्हणाली, "तिकडे खांब खूप आहेत, राणी."

उन्हाळा संपेपर्यंत धाकटा खायचा कमी झाला. थंड कोपऱ्यात फांदीमागे बसून राहायचा. शेपटीचं टोक तुटलेलं दिसलं, तेव्हा आम्हाला वाटलं कात टाकताना गेलं असेल.

तो दिवस शनिवारचा. सकाळपासून वारा घराला लाथा मारत होता. शेजाऱ्यांच्या कुंपणाची एक फळी उपटून आमच्या बागेत पडली होती, कचऱ्याचे डबे रस्त्यावर लोळत होते. मी थालीपीठ थापत होते. पुढच्या खोलीतून धप्प आवाज आला. मला वाटलं वाराच. मग पुन्हा धप्प, आणि काचेवर नखांचा खरखराट, आणि तुमच्या बहिणीची किंकाळी.

मी पिठाच्या हातांनी धावले. थोरल्याने धाकट्याचा मागचा पाय मांडीशी जबड्यात धरला होता आणि तो स्वतःभोवती गरगर फिरत होता, पिळा काढल्यासारखा. धाकटा त्याच्याबरोबर उलटासुलटा आपटत होता. दगडावर, दिव्याच्या जाळीवर, काचेवर. तोंड उघडं, पण आवाज नाही. त्यांना आवाज काढता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. सगळं किंचाळणं आमचंच होतं. काचेवर आतून लाल फराटे ओढले जात होते.

"डॅड! डॅड! ही इज किलिंग हिम!"

मामा जिन्यावरून खाली आला तो तीन-तीन पायऱ्या सोडत. झाकण उडवलं, हात आत घातला. थोरल्याने पाय सोडला आणि मामाच्या अंगठ्याशेजारच्या मांसात दात रोवले. मामाने जे शब्द उच्चारले ते मी लिहिणार नाही. तुमचे आजोबाही एवढं कधी बोलले नव्हते. त्याने हात झटकला. थोरला हवेतून गेला, भिंतीवर आपटला आणि सोफ्यामागे पडला.

पेटीत धाकटा उताणा पडला होता. पाय कातडीला लोंबकळत होता. पोट भरभर वरखाली होत होतं.

मामा मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागात असतो. दारू पिऊन एकमेकांची नाकं फोडून आलेली माणसं तो रोज शिवतो. पण त्या दिवशी त्याला गॉझचं पाकीट उघडेना. त्याने गॉझ दाबून धरलं, स्वतःच्या हातातून रक्त गळतंय याकडे लक्ष नव्हतं.

"फेकून देतो त्या हरामखोराला बागेत! मरू दे थंडीने!"

"अरे, त्याला काय कळतं?" मामी म्हणाली.

"मग काय कळतं त्याला? भावाचा पाय तोडायचं बरोबर कळतं!"

तुमची बहीण मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात आडवे. "त्याला बाहेर टाकलंस तर मी पण जाईन." हे तिने अख्खं मराठीत म्हटलं. एरवी ती आमचं मराठी ऐकते आणि निम्म्या इंग्रजीत उत्तर देते. म्हणून मामाने बागेचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं, त्यावर धाकट्याला ठेवलं आणि आम्ही गाडीत बसलो. मोटरवेवर वारा गाडीला बाजूला ढकलत होता. मामा एका हाताने चालवत होता, दुसऱ्याला स्वयंपाकघरातलं फडकं बांधलेलं. तुमची बहीण मांडीवरच्या टॉवेलाकडे बघत सबंध रस्ता एकच शब्द बोलत होती: "ब्रीद. ब्रीद."

सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर तरुण होती, मूळची गॉलवेची, बोलणं भरभर. तिने टॉवेल उघडला आणि पहिला प्रश्न विचारला, "दोघं एका पेटीत होते?"

"हो, पण त्यांचं खूप जमायचं," मामीने घाईघाईने फोन काढला आणि तो फोटो दाखवला. "बघा ना. कायम असे मिठी मारून बसायचे."

डॉक्टरने फोटो पाहिला. "ही मिठी नाही. वरचा खालच्याचं ऊन घेतोय. दिव्याची सगळी ऊब त्याच्या पाठीला, खालच्याला काही नाही. आणि खालचा हलत नाही, कारण हलला तर चावेल."

"आणि तो हात हलवतो ते?" तुमच्या बहिणीने विचारलं.

"म्हणजे: मी लहान आहे, मला मारू नकोस."

मामीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

मामा म्हणाला, "म्हणजे इतके महिने तो याला मारतच होता?"

"रोज. रक्त तेवढं आज आलं."

पाय मांडीपासून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तेव्हा डॉक्टरने औषधाची बाटली दिली आणि मामाला, डॉक्टर डॉक्टरला सांगतो तसं, स्पष्ट सांगितलं. "शस्त्रक्रिया झाली, पण तो वाचेल की नाही हे मी सांगू शकत नाही. याचं अंग थंड राहिलं, तर औषध चढणार नाही, जखम भरणार नाही, खाल्लेलं पचणार नाही. त्याने स्वतः दिव्याखाली जाऊन तापलं पाहिजे. तिथे तो गेला तर जगेल."

थोरल्याला जुन्या पेटीसकट वरच्या खोलीत हलवलं. भिंतीवर आपटूनही त्याला काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने टोळांचा फडशा पाडला. धाकट्याला पुढच्या खोलीत नवी कोरी पेटी. नवा दिवा, नवी नळी, नवा दगड, दोन्ही टोकांना तापमापक. दिवा सकाळी लावणं आणि संध्याकाळी बंद करणं माझ्याकडे होतं, आणि मी त्यात एक मिनिट चुकले नाही. दगड चाळीस अंशाला तापला होता, थंड टोक पंचविसाला. सगळं पुस्तकात असतं तसं. आणि धाकटा थंड कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, काळा पडून बसलेला.

जेवला नाही. हलला नाही. अंगाला हात लावला तर फरशीसारखं गार.

मामाला धीर नव्हता. डॉक्टर माणूस, पेशंट उठत नसेल तर उचलून बसवायची सवय. त्याने धाकट्याला दोन्ही हातांनी उचललं आणि दिव्याखाली दगडावर ठेवलं. क्षणभर काही झालं नाही. मग धाकट्याने अशी काही उसळी घेतली, की काच दणाणली. एकदा, दोनदा, पुन्हा त्याच काचेवर डोकं. टाके ताणले, जखमेतून रक्त आलं, नाकाचं टोक सोललं. तीन पायांनी वाळू उडवत तो कोपऱ्यात जाऊन पडला.

संध्याकाळी मामाने पुन्हा तेच केलं. तेव्हा तुमची बहीण त्याच्यावर धावून गेली. मुठी वळून त्याच्या पाठीवर मारत राहिली, जोर लावून. "यू आर द सेम! यू आर द सेम ॲज हिम!" मामा वळला नाही. पेटीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून मार खात उभा राहिला. मामी मध्ये पडायला निघाली, मी तिचा दंड धरला. मुलीचे हात दुखायला लागले तेव्हा ती थांबली.

पुढचे दिवस घरात दारं आपटून लावली जात. भांडी जोरात ठेवली जात. मामा औषध तोंडात सोडायचा आणि लगेच हात काढून घ्यायचा. धाकट्याच्या कमरेची हाडं वर आली, डोळे आत गेले. मामी एकदा सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "आई, सोबतच दिली होती ना आपण त्याला?" मी म्हटलं, "आता भाजी जळेल."

मग एक दुपार. नोव्हेंबरात इथे चहाच्या वेळेला अंधार होतो. पाऊस आडवा येऊन खिडकीवर मूठ मूठ खडे फेकावेत तसा आदळत होता. तुमची बहीण शाळेतून आली होती, ओल्या मोज्यांनी गालिच्यावर बसली होती. मी खोलीचा दिवा अजून लावला नव्हता. पेटीतला तेवढा लागलेला होता.

धाकटा हलला. आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. तो भिंतीकडून वळला, तुटक्या बाजूला झोके खात, पोट ओढत निघाला. गरम टोकाच्या दिशेने. म्हणजे ऊन त्याला हवं होतं. ते कुठे आहे, हे त्याला माहीत होतं. दगडापासून हातभर राहिला आणि एकदम थांबला. अंग जमिनीला चिकटवलं. पुढचा पाय उचलला आणि हळूहळू गोल फिरवला.

पेटीत दुसरं कोणी नव्हतं.

"आजी," ती कुजबुजली, "हू इज ही वेव्हिंग ॲट?"

मी म्हटलं, "तुला असेल."

"नो. तो माझ्याकडे बघत नाहीये."

ती गालिच्यावर आडवी झाली. गाल जमिनीला टेकवला आणि पेटीच्या काचेला डोकं लावून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तो बघत होता त्या बाजूला बघितलं. मग उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता.

"तिथे एक सरडा आहे."

मला गुडघ्यांमुळे आडवं होता येत नाही. मी खुर्ची ओढून खाली वाकले. बाहेर अंधार, आत झगझगीत दिवा. गरम टोकाची काच आरशासारखी झाली होती, आणि दगडाच्या पलीकडे, नेमका दिव्याखाली, काळा पडलेला दुसरा सरडा बसला होता. मामाने धाकट्याला उचलून त्या काचेतल्या सरड्याच्याच तोंडाशी नेऊन ठेवलं होतं. ज्या काचेवर त्याने डोकं आपटून घेतलं, ती हीच.

जुनी पेटी बाजूंनी लाकडाची होती, फक्त पुढे काच. ही नवी चारी बाजूंनी काचेची. आम्हीच हौसेने घेतली होती, सगळीकडून दिसावा म्हणून.

आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोगी पडेल. तपकिरी जाड कागद बाहेरून तीन बाजूंना चिकटवला. खोलीचा दिवा लावला, म्हणजे पुढच्या काचेतही आरसा राहिला नाही. उंच दगड काढून, तीन पायांना चढता येईल असा पाटीच्या दगडाचा उतार केला. थंड कोपऱ्यापासून उतारापर्यंत वाटेत फांद्या ठेवल्या, म्हणजे त्याला आडोशाने जाता येईल. आणि त्याला हात लावायचा नाही. कोणीही नाही. त्याला उचलून उन्हात ठेवायचं नाही, वाट मोकळी करून बाजूला व्हायचं.

त्या संध्याकाळी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कागद लावलेल्या बाजूकडे बघत बसला. मला वाटलं, आपण उशीर केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी सोफ्यावर बसलो होतो. तो फांदीमागून निघाला. थांबला. मान वळवून काच होती तिकडे पाहिलं. पाय उचलला नाही. उतारावर पुढचे दोन पंजे ठेवले, घसरला, पुन्हा ठेवले. उरलेला मागचा पाय ताणून अंग वर ढकललं. तुमच्या बहिणीने माझं मनगट धरलं आणि तिची नखं आत रुतली. मी ओरडले नाही.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. मामा ड्यूटीवरून आला, अंगावर ओला कोट.

"शू!" तिने बापाकडे बघितलंही नाही.

तो दारातच थिजला. धाकटा आता वर पोचला होता. दिवा बरोबर पाठीवर. तो काही वेळ तसाच उभा राहिला, पळायच्या तयारीत. मग बरगड्या हळूहळू बाजूला फाकल्या, अंग चपटं होत होत दगडाला टेकलं. पाठ काळपट झाली, पण ती भीतीची काळी नव्हती. ती पाठ ऊन ओढून घेत होती. जिथे पाय नव्हता ती बाजू त्याने दिव्याकडे वळवली आणि डोळे मिटले.

"कोट काढू का?" मामाने अगदी हळू विचारलं.

"नो."

तो उभा राहिला. कोटातलं पाणी माझ्या स्वच्छ गालिच्यावर ठिबकत होतं. बाहेर वाऱ्याने बाजूचं फाटक उचकटून भिंतीवर धाडकन आपटलं. आम्ही तिघेही दचकलो.

धाकट्याने एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला.